चिठ्ठीची मागची बाजू : गोव्यातले पाच दिवस

पहिला दिवस

दादरला मांडवी एक्स्प्रेस पकडली तेव्हा पर्सच्या आतल्या कप्प्यात एक फोटो होता. माणसाचा नव्हे, चिठ्ठीचा. बोटाच्या पेराएवढी कागदाची पट्टी, तिच्यावर चायना इंकने बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं : गोवा, सावईवेरे, कुळागर, पोफळीवर, ऑक्टोबर 1966. आमच्या संग्रहालयात अल्कोहोलने भरलेल्या एका बारक्या काचेच्या नळीत ही चिठ्ठी एका मादी कोळ्याच्या सोबतीने पडून आहे. त्या जातीची मादीच तेवढी माहीत आहे. नर आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. जातीचं नाव मी इथे लिहीत नाही, काम पुरं होऊन छापून आलं की लिहीन.

पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होते. 33 वर्षं कोळ्यांच्या संग्रहावर गेली. जायच्या आधी एकदा त्या चिठ्ठीतल्या जागी जाऊन यावं, असं फार दिवस मनात होतं. धाकटी बहीण फोंड्याला दिलेली आणि तिच्या सासरची सुपारीची बाग, म्हणजेच कुळागर, नेमकं सावईवेऱ्यात. एवढा योग जुळून आल्यावर घरी बसवेना.

समोरच्या सीटवर रत्नागिरीला जाणारे एक आजोबा होते. पनवेल सुटल्यावर त्यांनी विचारलं, "आपण काय करता?"

"संग्रहालयात असते. कोळ्यांचा अभ्यास करते."

"बरं. पण म्हणजे रोज सकाळी जाऊन नेमकं काय करता?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो खरा आहे. फुलपाखरू टाचणीला लावून ठेवता येतं, कोळी नाही. त्याचं पोट मऊ, वाळलं की सुरकुतून जातं आणि मग ओळखायला काही उरत नाही. म्हणून कोळी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे. एकेक कोळी एकेका नळीत, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा, अशा दहा-वीस नळ्या एका बरणीत, आणि बरणीही अल्कोहोलने भरलेली. अल्कोहोल उडत राहतं. ते कुणीतरी बघावं लागतं, भरावं लागतं. माझी नोकरी इथूनच सुरू झाली. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं, डोक्यात पक्षी होते, आणि तीन महिन्यांसाठी बरण्या भरायच्या कामावर घेतलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एक नळी फुटली म्हणून आतला कोळी बशीत काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकी होता. पुढचे दोन मोठे डोळे सरळ माझ्याकडे रोखलेले, बाकीचे सहा आजूबाजूला, आणि डोळ्यांभोवती तांबूस केसांची महिरप. त्या दिवशी जेवणाची सुट्टी कधी संपली ते कळलं नाही. पक्षी मागे राहिले ते राहिलेच.

आजोबांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण गाडीत बसल्यावर मला ती नेहमी आठवते. 1899 साली लंडनच्या संग्रहालयातल्या रेजिनाल्ड पोकॉकने एका मोठ्या केसाळ कोळ्याचं वर्णन छापलं. अंगाचा रंग गर्द निळा, धातूसारखा चमकणारा. चिठ्ठीवर ठिकाण होतं गुत्ती, आंध्रातलं रेल्वेचं गाव. तिथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत तो सापडला होता. पुढे 100 वर्षं तो कुणाला जिवंत दिसला नाही. तो पुन्हा मिळाला तो नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात, गुत्तीपासून बराच लांब. बहुधा लाकडाच्या ओंडक्यात बसून तो रेल्वेने गुत्तीला आला असावा. चिठ्ठी खोटी नव्हती, पण ती अर्धीच गोष्ट सांगत होती.

"मग तुमची चिठ्ठी?" आजोबांनी विचारलं. मी फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." खरोखरच चांगलं आहे.

या धंद्यात लेबलाशिवायचा कोळी म्हणजे नुसतं एक मेलेलं जनावर. कुठे, कधी, कशावर, कुणाला मिळालं, हे असलं तरच त्याला किंमत. मध्यंतरी मी वर्षभर दुसऱ्या एका संस्थेत होते. तिथे अल्कोहोलच्या परवान्याचा कागद आठ महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि तोवर उन्हाळा निघून गेला. एका फळीवरच्या 41 नळ्या सुकल्या. चिठ्ठ्या शाबूत, कोळी भुगा. मी त्या नळ्या एकेक करून वहीत काट मारून नोंदवल्या. तेव्हाचं रडू अजून गळ्याशी येतं. ज्या माणसांनी पावसात भिजत, जळवा सोसत ते गोळा केले, ती माणसं केव्हाच गेली होती.

चिपळूण येईपर्यंत आजोबा कोळ्यांत पुरते रमले. जगभरात किती जाती, विचारलं. कोळ्यांची जागतिक नोंदवही स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संग्रहालयात सांभाळतात. तिच्यात 2022 साली 50,000 वा कोळी नोंदला गेला. भारतातले दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडचा पाया बी. के. टिकादरांचा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात त्यांनी काही वर्षं काम केलं, आणि 1987 साली आलेलं त्यांचं भारतीय कोळ्यांवरचं पुस्तक माझ्या टेबलावर आजही आहे, दोनदा बाइंडिंग करून घेतलेलं. मग मी त्यांना ठाण्याकडच्या उडी मारणाऱ्या कोळ्याबद्दल सांगितलं. 2021 साली आपल्याच मुलांनी तो शोधला आणि नाव दिलं आयसियस तुकारामी, कसाबला जिवंत पकडून देताना प्राण गेलेल्या तुकाराम ओंबळेंचं. आजोबा काहीच बोलले नाहीत. रत्नागिरीला उतरताना मात्र खिडकीशी येऊन म्हणाले, "नर मिळू दे हो तुम्हाला."

रात्री करमळीला भाचा गाडी घेऊन आला होता. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या सामानातली मोठी पांढरी छत्री बघून म्हणाला, "मावशी, पाऊस तर गेला की."

"ती पावसासाठी नाही," मी म्हटलं.

दुसरा दिवस

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्याने जाग आली. पाव-भाजी आणि दोन कप चहा घेऊन सात वाजता कुळागरात उतरलो.

कुळागर म्हणजे नुसती सुपारीची बाग नव्हे. वर माड, त्याच्या खाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरवेल, मध्ये जायफळ, भिरंड म्हणजे कोकम, केळी, अननस, आणि या सगळ्याच्या पायाशी वाहणारा पाट. ऊन खालपर्यंत कवडशानेच येतं. कोळ्यांना आणखी काय हवं! शंभर पावलांतच नेफिलाची सात जाळी लागली. नेफिला पिलिपीस, आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या जाळी विणणाऱ्यांपैकी. मादी बोटाएवढी लांब, काळी-पिवळी, आणि जाळ्याचा धागा चक्क सोनेरी. भाचा जाळ्याखाली उभा राहून वर बघत होता. मी त्याला सांगितलं, आता मादी सोडून दे, तिच्या वरच्या बाजूला बघ. तिथे तांबूस रंगाचा, भाताच्या दाण्याएवढा एक कोळी बसला होता. तो तिचा नर. आणि जाळ्याच्या कडेला पाऱ्याच्या थेंबांसारखे चमकणारे आणखी तीन-चार होते, ते दुसऱ्याच जातीचे. नेफिलाच्या जाळ्यात अडकलेले बारके किडे चोरून खाणारे. एका जाळ्यात एवढं बिऱ्हाड!

पांढरी छत्री उलटी धरायची, फांदीखाली न्यायची आणि फांदीवर काठीने दोन जोरकस फटके द्यायचे. वरचे सगळे भाडेकरू छत्रीत पडतात. पांढऱ्यावर ते नीट दिसतात. मग रबरी नळी तोंडात धरून हळूच ओढायचे. नळीच्या मध्ये जाळीचा कपडा असतो, म्हणून पोटात जात नाहीत. भाच्याने हे दहा मिनिटांत आत्मसात केलं.

जायफळाच्या झाडावर लाल मुंग्यांचं घरटं होतं, ज्यांना इथे हुमले म्हणतात. पानं रेशमाने शिवून केलेलं. त्यांच्या रांगेपासून वीतभर लांब एक मुंगी एकटी चालत होती, तोंडात दुसरी मुंगी धरून. भाचा म्हणाला, मेलेली मुंगी नेतेय. मी म्हटलं, पाय मोज. त्याने मोजले. आठ. तो मर्माप्लाटा, मुंगीचं सोंग घेणारा उडीवाला कोळी, आणि तोंडातली दुसरी मुंगी म्हणजे नराचे पुढे वाढलेले जबडे. पानावर टिचकी मारली तेव्हा तो धाग्याला लोंबकळत खाली गेला. मुंगीला ते कुठून जमणार! भाच्याने छत्री खाली ठेवली आणि बराच वेळ नुसता त्या धाग्याकडे बघत राहिला. हा चेहरा मला माहीत आहे. मायक्रोस्कोपमधून पहिल्यांदा वर बघितलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा तो असतो.

हे सगळं मिळालं, पण चिठ्ठीतला कोळी मिळाला नाही. तो सिलेनोपिडी कुळातला. कागदासारखा चपटा, करड्या रंगाचा, पुढे एका ओळीत सहा डोळे आणि मागे दोन, पाय खेकड्यासारखे आडवे. आम्ही 60 पोफळींचे बुंधे पायापासून डोक्याच्या उंचीपर्यंत बघितले, दगडफुलाचे पापुद्रे उचलून बघितले, खाली पडलेल्या झावळ्या उलटल्या. काही नाही. पाच वाजता पाठ मोडून आली.

घरी आलो तर बहिणीच्या सासूबाई हातात लांब काठीला बांधलेला कुंचा घेऊन उभ्या होत्या. दिवाळी दहा दिवसांवर, जळमटं काढायला घेतलेली. मला बघून त्या जरा थबकल्या. मी म्हटलं, "आई, माजघरातली काढा, पण माळ्याकडचा हा एक कोपरा राहू द्या जरा." त्यांना ते पटलं नाही, आणि का पटावं? धूळ बसलेलं जाळं घरात ठेवणं कुणालाच बरं वाटत नाही.

मग मी खुर्चीवर चढले आणि त्यांनाही शेजारच्या बाकावर चढवलं. त्यांचं वय 78 आहे, भाच्याने दंड धरला होता. कोपऱ्यातल्या विस्कटलेल्या जाळ्यात लांब लांब, केसासारख्या बारीक पायांची एक उलटी लटकत होती. घरोघरी असते ती. मी माझं भिंग त्यांच्या डोळ्याला लावून दिलं आणि म्हटलं, तिचं तोंड बघा. तोंडात वीस-पंचवीस फिकट गुलाबी अंडी होती, द्राक्षाच्या बारक्या घोसासारखी, चार-दोन धाग्यांनी बांधलेली. अंडी फुटेपर्यंत ती त्यांना अशीच जबड्यात धरून असते. तोंडात अंडी म्हटल्यावर खाणं कुठलं! आईंनी तिच्याकडे फुंकर घातली तेव्हा ती सगळं जाळं गदागदा हलवायला लागली, पण घोस सुटला नाही.

बराच वेळ त्या बघत होत्या. मग भिंग न काढताच म्हणाल्या, "इतलीं वर्सां हांव हें सगळें झाडून उडयतां गो."

कोपरा राहिला. रात्री जेवताना, हुमण-भाताच्या ताटावर, त्यांनी मला दोनदा विचारलं, अंडी फुटायला किती दिवस लागतील.

तिसरा दिवस

सत्तरी तालुक्यात गेलो. बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे, ती बघायची फार इच्छा होती. वाळपईवरून रस्ता आहे. शेवटचा टप्पा चालत.

रानजायफळाची झाडं गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर आलेली. असली दलदल सह्याद्रीत आता मोजक्याच ठिकाणी उरली आहे. इथे ती टिकली ती देवाच्या नावाने. देवराईतली काडीसुद्धा उचलायची नाही. मी छत्री, नळी, बाटल्या सगळं गाडीतच ठेवून गेले. अभयारण्यात कोळी धरायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती मी आयुष्यभर घेत आले. इथे परवानगी मागावी असंही वाटलं नाही.

एका मुळाच्या खोबणीत एक मादी लांडगा-कोळी होती, पाठीवर पिल्लांचा थर घेऊन. मी चिखलात उकिडवी बसून तिला बघत होते. भाच्याने मागून विचारलं, "मावशी, तुला मारताना वाईट नाही वाटत?"

वाटतं. 33 वर्षांत ते कमी झालेलं नाही. पण कोळ्याची जात फोटोवरून सांगता येत नाही, बहुतेक वेळा नाहीच. नराच्या तोंडाजवळच्या छोट्या हातांची टोकं आणि मादीच्या पोटाखालची एक बारकी चकती, यांच्या रचनेवरून जात ठरते. तीसुद्धा पूर्ण वाढलेल्याच कोळ्यात. ते मायक्रोस्कोपखालीच दिसतं. आणि जिला नावच नाही ती जात संपली तरी कुणाला कळणार नाही. म्हणून मी एक घेते. दोन पुरत असतील तर तीन घेत नाही, आणि घेतलेल्यातला एकही फुकट जाऊ देत नाही. हे मी त्याला सांगितलं. त्याला ते पुरेसं वाटलं की नाही, ठाऊक नाही. मलाही काही दिवशी पुरत नाही.

परतताना वाळपईत मोबाइलला रेंज आली आणि एकदम डोक्यात आलं. माझ्याजवळ चिठ्ठीचा फोटो आहे तो नळीच्या बाहेरून काढलेला. चिठ्ठी आत गुंडाळून बसलेली आहे, तिची मागची बाजू मी कधी बघितलेलीच नाही! संग्रहालयात माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, कंत्राटावर. तिला फोन लावला. म्हटलं, ती नळी काढ, चिमट्याने चिठ्ठी बाहेर घे, बशीत अल्कोहोलमध्येच ठेव, कोरडी करू नकोस, आणि उलट कर.

अर्ध्या तासाने व्हॉट्सअॅपवर फोटो आला. पाठोपाठ तिचाच फोन. "मॅडम, मागे शिसपेन्सिलने लिहिलंय."

साधी शाई अल्कोहोलमध्ये फिकट होत जाते, चायना इंक आणि शिसपेन्सिल होत नाहीत. म्हणून आम्ही आजही चिठ्ठ्या पेन्सिलने लिहितो. त्या माणसाने पुढचं नीटनेटकं लेबल मुक्कामी येऊन शाईने लिहिलं असणार, आणि मागचे तीन शब्द जागेवर, घाईत, खिशातल्या पेन्सिलने. इंग्रजीच होते. अर्थ एवढाच : रात्री, कंदिलाच्या उजेडात.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून थोडा वेळ उभी राहिले. किती वर्षं ती नळी माझ्या हातात होती! दर वर्षी तिच्यात अल्कोहोल भरत होते.

चौथा दिवस

सकाळभर परतीचा पाऊस. अंगणात ढोपरभर पाणी नाचत होतं. काही करता आलं नाही.

दुपारी उघडीप झाली तेव्हा पाडेली नारळ काढायला आला. माडावरून उतरून, पाय धुऊन तो ओट्यावर चहाला टेकला आणि मला बुंध्यांवर भिंग फिरवताना बघून म्हणाला, "बाय, कितें सोदता?" मी फोनवर मादीचा फोटो दाखवला. त्याने एका नजरेत ओळखलं. "हो? कुर्ले भशेन आडो धांवता तो. वयर, पानांच्या मुळांत आसता. दिसाचो सकयल येना."

खेकड्यासारखा आडवा धावतो, वर पानांच्या मुळाशी असतो, दिवसा खाली येत नाही. मी त्याचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. 25 वर्षं तो या झाडांवर चढतोय. आपण खालून भिंग लावून बघायचं आणि वरचं त्याला विचारायचं नाही, हे चुकीचंच होतं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

रात्री साडेआठला निघालो. डोक्याला बॅटरी, पायात गमबूट. बहीण म्हणाली, "ताई, फुरशी असतात, जपून." कुळागरात शिरल्यावर भाच्याने जमिनीवर उजेड टाकला आणि ओरडलाच, "दव पडलंय का एवढं?" पाटाच्या कडेने पाचोळ्यात शेकडो हिरवट ठिणग्या होत्या. मी त्याला एका ठिणगीकडे, नजर न हलवता, चालत जायला सांगितलं. जवळ गेल्यावर त्या ठिणगीला आठ पाय फुटले. लांडगा-कोळ्यांचे डोळे. डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, तो उजेड परत फेकतो. बॅटरी मात्र आपल्या डोळ्यांच्या रेषेत, कपाळावर हवी. हातातल्या बॅटरीने ही रोषणाई अर्धीसुद्धा दिसत नाही.

पोफळी आता वेगळ्याच दिसत होत्या. दिवसा कोरे असलेले बुंधे गजबजले होते. झुरळं, गोगलगायी, एक पाल. सातव्या पोफळीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, दगडफुलाचा एक डाग मला जास्त सपाट वाटला. उजेड तिरका केला. डागाला सावली नव्हती, इतका तो खोडाला चिकटलेला. पाय आडवे पसरलेले, त्यांवर करडे-काळे पट्टे. पुढे सहा डोळे.

माझा हात थरथरत होता. मी भाच्याला खुणेनेच थांबवलं. औषधाची पारदर्शक डबी वरून हळूच ठेवली आणि खालून पोस्टकार्ड सरकवलं. मादी, पूर्ण वाढलेली. साठेक वर्षांपूर्वी कुणीतरी कंदील उंच धरून इथेच, कदाचित याच वाफ्यात, असाच श्वास रोखून उभा राहिला असेल.

दहाव्या झाडावर दुसरी मादी. पुढे तासभर काही नाही. साडेअकराला मी परतायचं म्हणत होते, तोच पाटापलीकडून भाचा दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हा बारका आहे. पण याच्या तोंडाशी काहीतरी फुगलंय."

धावत जावंसं वाटत होतं, हळू गेले. त्याच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या हातांची टोकं बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखी फुगलेली होती. नर. मी भिंग लावलं आणि पुन्हा लावलं. टोकं फुगलेली, पण गुळगुळीत. आतली रचना अजून उघडलेली नव्हती. म्हणजे नर होता, पण शेवटची कात टाकायची बाकी होती. अशा नरावरून वर्णन लिहिता येत नाही. याला जिवंत न्यायचा, जपायचा आणि कात टाकायची वाट बघायची.

भाचा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "तूच पकड."

पाचवा दिवस

भाच्याच्या कॉलेजातल्या सरांनी रविवार असूनही प्रयोगशाळा उघडून दिली. दोन माद्यांतली एक काल रात्रीच परत तिच्या पोफळीवर सोडली होती. दुसरी अल्कोहोलमध्ये गेली. तिचा एक पाय वेगळ्या नळीत, 96 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला, डीएनएसाठी. पोटाखालची चकती सुईच्या टोकाने सोडवून लवंगाच्या तेलात ठेवली. तेलात ती हळूहळू पारदर्शक होते आणि आतल्या नळ्यांची वेटोळी दिसायला लागतात. प्रयोगशाळाभर लवंगेचा वास सुटला. सर म्हणाले, दातांच्या दवाखान्यासारखं वाटतंय. मला मात्र हा वास ऑफिसचा वाटतो. 33 वर्षांच्या कामाचा वास हाच.

वीस मिनिटांनी मी डोळा लावला. डावीकडे एक वेढा, मग मागे वळून दुसरा, शेवटी शेंगदाण्यासारखी पिशवी. माझ्या वहीत 1966 च्या मादीचं मी पूर्वी काढलेलं चित्र होतं. ते शेजारी ठेवून एकेक वळण ताडून बघितलं. तीच.

भाच्यानेही बघितलं, त्यानेही चित्र काढलं. बरं काढतो. मग पेन्सिलला टोक करत त्याने विचारलं, "तू मे महिन्यात सोडलंस की तुझ्या जागी कोण येणार?"

अजून कुणी ठरलेलं नाही. ती कंत्राटावरची मुलगी आहे, तिचं कंत्राट मार्चपर्यंत आहे. बरण्या भरणं तिला चांगलं जमतं आणि परवा तिने चिठ्ठी ज्या हाताने उलटली तो हात मला पुरेसा वाटतो. तिला कायम करा म्हणून मी तीनदा लिहून दिलंय. चौथ्यांदा देणार आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर आई माळ्याच्या कोपऱ्याखाली उभ्या होत्या. अंडी फुटली नव्हती. दिवाळी झाली की मगच तो कोपरा झाडू, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सकाळची गाडी. नराची डबी मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली, भोवती रुमाल, आत कापसाचा ओला बोळा. कालपासून त्याला दोन बारक्या माश्या दिल्या, त्याने त्यांना हातही लावलेला नाही. कात टाकायच्या आधी कोळी खाणं सोडतात. हातमोज्यांची टोकं काल फिकट होती, आज जरा काळपट दिसताहेत. आठवडा लागेल, दोन लागतील.

जेवणं झाल्यावर ओट्यावर दिव्याखाली बसून मी चिठ्ठ्या लिहिल्या. जाड पांढरा कागद, टोक केलेली पेन्सिल. मादीची आधी, मग नराची. गोवा, सावईवेरे, कुळागर, पोफळीवर, जमिनीपासून दीड मीटर, तारीख. गोळा करणाराच्या जागी भाच्याचं नाव लिहिलं. तो शेजारी बसून बघत होता, त्याने काही म्हटलं नाही, फक्त आडनावाचं स्पेलिंग सांगितलं. मग "पोफळीवर"च्या पुढे, पुढच्याच बाजूला, मी लिहिलं : रात्री.